महाराष्ट्र एकीकरण समिती : पक्ष नसलेला पक्ष आणि सीमाभागातील मतांचा हिशेब

बेळगाव : निवडणूक जाहीर झाली की बेळगाव, खानापूर आणि आसपासच्या मराठी गल्ल्यांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'यंदा समितीचा उमेदवार कोण?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'एकच आहे ना?' पहिल्या प्रश्नामागे जवळपास सत्तर वर्षांचा इतिहास आहे. दुसऱ्यामागे अलीकडच्या पंचवीसेक वर्षांचे दुखणे आहे.

कर्नाटकात सत्ता काँग्रेसकडे, भाजपकडे किंवा जनता परिवाराकडे फिरत राहिली. या तिघांच्या बाहेर राहून, एका भागापुरती आणि एका मागणीसाठी, इतकी वर्षे निवडणूक लढवत आलेली संघटना म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. महाराष्ट्रातल्या वाचकांना समिती माहीत असते ती १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या बातमीपुरती. ती निवडणूक कशी लढवते, का जिंकायची, का हरते आणि हरूनही का टिकते, याची ही एकत्र माहिती.

समिती म्हणजे नेमके काय?

समिती हा रूढ अर्थाने राजकीय पक्ष नाही. वेगवेगळ्या विचारांची माणसे एका मागणीसाठी एकत्र आली, तो हा मंच. शेतकरी कामगार पक्षाचे, समाजवादी, हिंदुत्ववादी, काँग्रेसमधून बाहेर पडलेले, कुठल्याच पक्षाचे नसलेले असे सगळे तिच्यात होते आणि आहेत. वर मध्यवर्ती समिती, खाली शहर समिती, तालुका समिती, खानापूर तालुका समिती आणि अलीकडे युवा समिती अशी रचना आहे. गावपातळीवर मात्र समिती म्हणजे गावचे पंच, युवक मंडळ आणि दरवर्षी हुतात्म्यांना हार घालायला जमणारी माणसे.

याचा निवडणुकीवर थेट परिणाम होतो. अलीकडच्या निवडणुकांत समितीचे उमेदवार कागदोपत्री 'अपक्ष' म्हणून उभे राहिले. म्हणजे कायमचे राखीव चिन्ह नाही, मोकळ्या चिन्हांच्या यादीतून मिळेल ते घ्यायचे. अर्जावर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतदान यंत्रावरही मान्यताप्राप्त पक्षांची नावे आधी, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांची नंतर आणि अपक्षांची शेवटी येतात. कमळ आणि हात वर्षभर भिंतीवर दिसतात. समितीला मात्र दर निवडणुकीत दोन आठवड्यांत नवे चिन्ह घरोघर पोचवावे लागते.

निवडून आल्यावरही फरक पडतो. समिती आपल्या आमदाराला कायदेशीर व्हिप काढू शकत नाही. अपक्ष आमदाराने मुदतीत दुसऱ्या पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याची आमदारकी जाते. पण मुदत संपल्यावर त्याला बांधून ठेवणारे काही उरत नाही.

मागणी कुठून आली?

मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव या संमेलनात झाला आणि पुढच्या चळवळीची सुरुवात इथून धरली जाते. म्हणजे ज्या गावात मागणीला सुरुवात झाली, तेच गाव पुढे तिच्या बाहेर राहिले.

राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा वगळला गेला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्याआधी जानेवारी १९५६ मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला. १७ जानेवारी हा तेव्हापासून सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

सेनापती बापटांच्या १९६६ मधील उपोषणानंतर केंद्राने न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सांगितले. बेळगाव शहर मात्र म्हैसूरमध्येच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, अंमलबजावणी झाली नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कारवार, बेळगाव, निपाणीसह ८६५ गावांवरचा हा दावा प्रलंबित आहे. सीमा बदलण्याचा अधिकार फक्त संसदेचा, असे कर्नाटकचे म्हणणे आहे.

समितीच्या राजकारणाची गोम इथेच आहे. तिची मुख्य मागणी बेंगळुरूची विधानसभा पूर्ण करू शकत नाही. ती दिल्लीत, संसदेत किंवा न्यायालयातच सुटणार. मग आमदार कशासाठी निवडून द्यायचा? समितीचे उत्तर सुरुवातीपासून एकच आहे : इथल्या लोकांचे मत काय आहे, हे मोजून दाखवण्यासाठी. म्हणूनच समितीचा पराभव हा एका उमेदवाराचा पराभव राहत नाही, सीमाप्रश्न संपला अशी बातमी त्यातून केली जाते. साध्या अपक्षावर नसते एवढे ओझे समितीच्या उमेदवारावर असते.

विधानसभेतला चढ आणि उतार

१९६२ च्या म्हैसूर विधानसभेत समितीचे सहा आमदार होते. पुढे कित्येक वर्षे बेळगाव शहर, उचगाव, खानापूर या पट्ट्यात समितीचा उमेदवार म्हणजे जवळजवळ निवडून आलेला, अशी स्थिती होती. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात हिंडलगा, बेळगुंदी भागात गोळीबार होऊन माणसे मेली. शिवसेनेचे छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले, ते याच आंदोलनात. त्या काळात समिती आणि मराठी मतदार यांत फट नव्हती.

पहिला मोठा धक्का १९९९ मध्ये बसला. बेळगाव शहरातून काँग्रेसचे रमेश कुडची निवडून आले आणि २००४ मध्येही त्यांनी जागा राखली. ते स्वतः मराठी भाषक. मराठी मतदार समितीबाहेरच्या मराठी माणसाला मत देऊ शकतो, हे तेव्हा उघड झाले आणि पुढचे सगळे राजकारण त्याच वाटेने गेले.

२००८ मध्ये समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील असे दोघे विजयी झाले. २०१८ मध्ये पुन्हा शून्य. २०२३ मध्ये बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, खानापूर आणि यमकनमर्डी अशा पाच जागा लढवल्या, पाचही गेल्या.

यातला खानापूरचा २०१८ चा निकाल समितीचे कार्यकर्ते अजून विसरलेले नाहीत. तिथे समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले. काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर निवडून आल्या. समितीच्या दोघांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांपेक्षा जास्त भरत होती. म्हणजे मते होती, फक्त ती एका नावावर नव्हती. पुढे माजी आमदार अरविंद पाटील भाजपमध्ये गेले आणि २०२३ मध्ये ही जागा भाजपच्या विठ्ठल हलगेकरांनी जिंकली.

२०२३ च्या बेळगाव दक्षिणचा निकाल वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाजपचे अभय पाटील जिंकले. समितीचे रमाकांत कोंडुसकर सुमारे बारा हजार मतांनी मागे राहून दुसरे आले आणि काँग्रेस तिसरी. राज्यात बहुतेक ठिकाणी भाजपचा मुख्य विरोधक काँग्रेस होता, या मतदारसंघात तो समिती होता. तिसरी शक्ती म्हणतात ती कुठे तिसरी आणि कुठे दुसरी, हे राज्याच्या नकाशावरून कळत नाही. त्यासाठी मतदारसंघ बघावा लागतो.

रेषा बदलली, बेरीज बदलली

२००८ ची निवडणूक नव्या फेररचनेवर झाली. जुना उचगाव आणि बागेवाडी मतदारसंघ संपले, बेळगाव शहराचा एक होता त्या जागी उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण अशी मांडणी आली. मराठी गावे तिथेच राहिली, फक्त त्यांच्याभोवतीची रेषा बदलली. उचगावसारख्या मतदारसंघात समिती एकटी पुरत होती. ग्रामीणसारख्या मोठ्या आणि मिश्र मतदारसंघात तिला इतर भाषकांचीही मते लागतात आणि ती मागण्याची तिला सवय नाही.

लोकसभेत विभागणी आणखी ठळक आहे. बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण हे बेळगाव लोकसभेत. खानापूर तालुका उत्तर कन्नड म्हणजे कारवारच्या लोकसभेत. निपाणी आणि यमकनमर्डी चिक्कोडी लोकसभेत. म्हणजे सीमाभागातला सलग मराठी पट्टा तीन खासदारांत वाटला गेला आहे. तिन्ही ठिकाणी तो अल्पमतातच.

४५६ उमेदवारांची निवडणूक

खासदार निवडून आणणे अशक्य असेल, तर निवडणूकच गाजवायची, हा मार्ग १९९६ मध्ये निवडला गेला. बेळगाव लोकसभेला तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. बहुतेक सगळे अपक्ष. इतक्या नावांसाठी नेहमीची मतपत्रिका पुरणारच नव्हती. बेळगावचे नाव देशभर गेले. जिंकले मात्र जनता दलाचे शिवानंद कौजलगी.

त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मोदकुरिची विधानसभेला हजारावर आणि आंध्रातल्या नलगोंडा लोकसभेला ४८० उमेदवार होते. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजार झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या बाहेरच्या उमेदवाराला दहा सूचक बंधनकारक झाले. आज ही अनामत २५ हजार आहे.

साधा गुणाकार करून पाहावा. सर्वसाधारण दराने ४५६ अर्जांची अनामत १९९६ मध्ये २ लाख २८ हजार रुपये होत होती. गावोगाव वर्गणी काढून ती जमत होती. आजच्या दराने तीच रक्कम १ कोटी १४ लाख होईल, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली नाहीत तर ती सरकारजमा. निषेधाचा तो दरवाजा पैशाने बंद झाला. २०१९ मध्ये पुन्हा तसा प्रयत्न झाला. बेळगावात ५७ उमेदवार उभे राहिले आणि एका केंद्रावर चार-चार मतदान यंत्रे जोडावी लागली. निकालावर त्याचा परिणाम शून्य, भाजपचे सुरेश अंगडी मोठ्या फरकाने निवडून आले. निषेध म्हणून वाटलेली मते मोजायला बसले की कुणाच्याच खात्यात दिसत नाहीत.

२०२१ : १,१७,१७४

सुरेश अंगडी यांचे सप्टेंबर २०२० मध्ये निधन झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये पोटनिवडणूक लागली. या वेळी समितीने गर्दी टाळून एकच उमेदवार दिला : युवा समितीचे शुभम शेळके. शिवसेनेने पाठिंबा दिला, संजय राऊत प्रचाराला आले.

निकाल असा लागला : भाजपच्या मंगला अंगडी ४,४०,३२७, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी ४,३५,०८७, शुभम शेळके १,१७,१७४. पहिल्या दोघांतला फरक ५,२४० मतांचा. शेळके यांची मते त्या फरकाच्या बावीसपट. बहुतेक सगळी मते उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण या तीन विधानसभा क्षेत्रांतली.

तरीही अनामत गेली, कारण एक षष्ठांशाची रेषा दीड लाखाच्या पुढे होती. एकाच आकड्याचे दोन अर्थ झाले. समितीने म्हटले, लाखावर लोकांनी कौल दिला. विरोधकांनी म्हटले, अनामतसुद्धा वाचली नाही. दोन्ही खरे आहे. मोठ्या पक्षांनी त्यातून तिसरा अर्थ काढला : ही लाखभर मते आपल्याकडे वळली तर बेळगाव लोकसभा कायमची पक्की. २०२४ च्या लोकसभेला समितीच्या उमेदवाराला अनामतीच्या जवळपासही जाता आले नाही. तीन वर्षांत मते गेली कुठे, तर मोदी की राहुल या प्रश्नात गेली. पोटनिवडणुकीत दिल्लीचे सरकार ठरत नसते, म्हणून मतदार मनासारखे मत देतो. सार्वत्रिक निवडणुकीत तोच मतदार हिशेब करतो.

त्रिनिदादमध्येही हेच घडले

ही अडचण एकट्या समितीची नाही. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही, ही इंग्रजांनी मागे ठेवलेली पद्धत जिथे जिथे आहे, तिथे तिसऱ्या पक्षाची हीच कथा आहे. कॅरिबियन समुद्रातला त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश पाहावा. लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या बेळगाव जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. १८४५ पासून करारावर गेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक आहेत. आफ्रिकी वंशाचे लोक बहुतांशी एका पक्षाकडे, भारतीय वंशाचे दुसऱ्याकडे, अशी विभागणी तिथे वर्षानुवर्षे आहे.

या दोघांना कंटाळलेल्यांनी तिसरा पक्ष काढला. १९८१ च्या निवडणुकीत त्याला २२ टक्के मते पडली आणि जागा मिळाली एकही नाही. कारण मते सगळीकडे थोडी थोडी होती, कुठेच पुरेशी नव्हती. १९८६ मध्ये सगळे विरोधक एका झेंड्याखाली आले आणि ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या. दोनच वर्षांत त्यांच्यात फूट पडली. २००७ मध्ये पुन्हा एक नवा तिसरा पक्ष आला, पुन्हा सुमारे २२ टक्के मते, पुन्हा ४१ पैकी शून्य जागा. २०१० मध्ये तो आघाडीत गेला तेव्हा सत्तेत आला, पण मोठ्या भावाच्या सावलीत.

तिथला धडा इथे तंतोतंत लागू पडत नाही, कारण समितीची मते विखुरलेली नाहीत, ती एका पट्ट्यात एकवटलेली आहेत. खरे तर हीच समितीची जमेची बाजू. ती पसरट पक्षापेक्षा कमी मतांत जागा जिंकू शकते, अट एवढीच की उमेदवार एक हवा.

गोव्याचा मगो : मागणी हरली, पक्ष टिकला

जवळचे उदाहरण गोव्याचे. महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी घेऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ मध्ये सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. समोर जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. मगोची मुख्य मागणी हरली.

पण त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत मगो पुन्हा सत्तेवर आला आणि १९७९ पर्यंत राहिला. कारण बहुजन समाजाला शाळा, कूळ-मुंडकारांचे हक्क आणि सत्तेतला वाटा ही कामे त्याच्या नावावर होती. मूळ प्रश्न संपल्यावरही त्याच्याकडे दुसरे काम उरले होते. आज तो छोटा पक्ष आहे. २०२२ मध्ये दोन आमदार आले आणि त्यांनी भाजपला पाठिंबा दिला.

समितीची गत याच्या उलट. तिचा प्रश्न जिवंत आहे, पण त्या प्रश्नाशिवायचे काम तिच्या नावावर फारसे नोंदले गेले नाही. बेळगाव महापालिकेत मात्र तिने वर्षानुवर्षे सत्ता चालवली होती, आणि तिथेही तिची ओळख झाली ती ठरावांमुळे. २००५ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव झाला, महापौर विजय मोरे यांना बेंगळुरूत काळे फासले गेले, महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्येही महापौर-उपमहापौर काळ्या दिनाला गेल्यावर पालिकेवर बरखास्तीची कुऱ्हाड पडली.

निपाणीचा वेगळा रस्ता

निपाणी सीमालढ्यात बेळगावच्या बरोबरीने होती. पण इथे तंबाखूचा शेतकरी आणि विडी कामगार यांचा प्रश्न तेवढाच मोठा होता. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे तंबाखू आंदोलन इथेच पेटले, पुणे-बेंगळुरू महामार्गावर शेतकऱ्यांनी ठिय्या दिला आणि गोळीबारात बारा शेतकऱ्यांचा बळी गेला. विडी कामगारांचे नेते प्रा. सुभाष जोशी पुढे इथून आमदारही झाले. निपाणीत विरोधाचे राजकारण भाषेइतकेच पोटाचेही राहिले.

पुढे ही जागा १९९९ ते २००८ अशी तीनदा काँग्रेसच्या काकासाहेब पाटील यांनी आणि २०१३, २०१८, २०२३ अशी तीनदा भाजपच्या शशिकला जोल्ले यांनी जिंकली. २०२३ मध्ये मात्र एक नवी गोष्ट घडली. महाराष्ट्रातल्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर उत्तम पाटील उभे राहिले, शरद पवारांनी सभा घेतली. जोल्ले यांना ७३,३४८, उत्तम पाटील यांना ६६,०५६ आणि काकासाहेब पाटील यांना ४४,१०७ मते मिळाली. तिसरा पक्ष दुसरा आला, काँग्रेस तिसरी गेली आणि विरोधी मते विभागल्याचा फायदा सत्ताधाऱ्याला मिळाला. घड्याळ हे चिन्ह कोल्हापूर-कागलच्या शेजारामुळे निपाणीत ओळखीचे होते. समितीच्या उमेदवाराकडे नेमकी तीच गोष्ट नसते.

मोठ्या पक्षांनी काय केले?

कर्नाटकातल्या मोठ्या पक्षांनी समितीला केवळ विरोध केला नाही, त्यांनी तिची भाषाही उचलली. मराठी उमेदवार द्यायचा, मराठीत भाषण करायचे, शिवजयंतीला पुढे राहायचे. याचा कळस मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावर झाला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे २ मार्चला मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते अनावरण झाले आणि ५ मार्चला काँग्रेसने त्याच पुतळ्याचे पुन्हा अनावरण केले. समिती दोन्ही वेळा प्रेक्षकांत.

महापालिकेतही तेच. पूर्वी इथली निवडणूक पक्षचिन्हाशिवाय, मराठी गट विरुद्ध कन्नड-उर्दू गट अशी होई. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा चिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. त्यानंतरचे महापौर शोभा सोमनाचे, सविता कांबळे, मंगेश पवार. मराठी भाषक महापौर झाले, पण ते समितीचे नव्हते. मराठी माणूस सत्तेत असणे आणि मराठीचा प्रश्न सत्तेत असणे, या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या.

महाराष्ट्रातल्या पक्षांची भूमिकाही मतदार बघत असतो. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. पाच महिन्यांनी त्याच ठरावाला हात वर करणाऱ्या पक्षांचे नेते बेळगावात समितीविरुद्धच्या उमेदवारांचा प्रचार करत होते. 'मुंबईत एक आणि बेळगावात एक' ही तक्रार गावागावांत ऐकू येते, आणि तिचे उत्तर कुणी देत नाही.

मग समिती कशाला?

दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर आमदारांच्या संख्येचा परिणाम होत नाही. पण तोवर इथे राहणाऱ्या माणसाचे रोजचे प्रश्न थांबत नाहीत. उतारा फक्त कन्नडमध्ये मिळतो आणि सही करणाऱ्या म्हाताऱ्याला त्यात काय लिहिले ते कळत नाही. मराठी शाळेत शिक्षक कमी. दुकानावरची पाटी किती टक्के कन्नड हवी याची तपासणी. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या १९५६ पासूनच्या केंद्रीय तरतुदीनुसार जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या आहेत. हा हक्क कुठल्याही राज्यात असला तरी आहे. तो मागायला सीमा बदलावी लागत नाही, मागणारा मात्र सभागृहात लागतो. राष्ट्रीय पक्षाच्या मराठी आमदाराला हे मागताना आधी बेंगळुरूकडे बघावे लागते. समितीच्या आमदाराला ती अडचण नसते. त्याची अडचण वेगळी, २२४ जणांत तो एकटा किंवा दुकटा असतो.

विरोधी राजकारणात छोट्या गटाची किंमत सत्ता बदलण्यावरून ठरत नाही. आपला प्रश्न दुसऱ्यांना टाळता येऊ नये एवढी मते जवळ असणे, हीच त्याची किंमत. २०१३ चे दोन आमदार, २०२१ ची १,१७,१७४ मते आणि २०२३ चा दक्षिणमधला दुसरा क्रमांक हे त्याचे पुरावे. २०१८ चे खानापूर हा त्याच वहीतला खर्चाचा रकाना.

पुढची विधानसभा निवडणूक २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तोवर बेळगावच्या कोपऱ्याकोपऱ्यावर अनेक चर्चा होतील, महाराष्ट्रातून पुढारी येतील, सीमेवर अडवले जातील, बातम्या होतील. समितीचे भवितव्य मात्र अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता ठरेल. त्या वेळी यादीत समितीचे म्हणवणारे नाव एक उरले, तर लढत आहे. दोन उरली, तर निकाल मतमोजणीच्या आधीच लागलेला असेल.

महत्त्वाचे टप्पे

१९४६ : बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव
१९५६ : १७ जानेवारी हुतात्मा दिन, १ नोव्हेंबर राज्य पुनर्रचना
१९६२ : म्हैसूर विधानसभेत समितीचे सहा आमदार
१९६७ : महाजन आयोगाचा अहवाल
१९८६ : कन्नड सक्तीविरोधी आंदोलन
१९९६ : बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार, अनामतीचा कायदा बदलला
२००४ : महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयात दावा
२००८ : नवी फेररचना, विधानसभेत समिती शून्यावर
२०१३ : दोन आमदार
२०१४ : १ नोव्हेंबरपासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी
२०१८ : खानापुरात दुफळी, पुन्हा शून्य
२०२१ : लोकसभा पोटनिवडणुकीत १,१७,१७४ मते, महापालिका भाजपकडे
२०२३ : पाच जागांवर पराभव, बेळगाव दक्षिणमध्ये समिती दुसरी